औषध आत शिरलं म्हणजे साठलं का?

शाळेतलं हौदाचं गणित आठवतंय ना, एका नळाने हौद भरतोय, दुसऱ्याने रिकामा होतोय, तर किती तासात भरेल? अँटिबायोटिक बॅक्टेरियात शिरणं आणि आत साठणं यातली गल्लत अगदी तीच आहे. शिरणं म्हणजे नुसता वरचा नळ, साठणं म्हणजे आत्ता हौदात पाणी किती आहे ते.

व्हॅन्कोमायसिन आणि लिनेझोलिड ही दोन अँटिबायोटिक घ्या. दोन्ही एमआरएसए या बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियावर चालतात, ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियावर दोन्ही फेल. एमएस्सीला मी बिनधास्त लिहून आलेलो की दोन्ही आत शिरत नाहीत, अर्धे मार्क गेले आणि बरोबरच गेले. व्हॅन्कोमायसिन साधारण १४५० डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) धूड, आणि ई. कोलायच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधली, म्हणजे पातळ आवरणातली, पोरिन प्रोटीनची भोकं जेमतेम ६०० पर्यंतचं काही आत सोडतात, म्हणजे हे दारातच अडकलं. लिनेझोलिड मात्र ३३७ चं, ते शिरतं की, पण अ‍ॅक्रएबी-टॉलसी नावाचा पंप आलं तसं उचलून बाहेर फेकत बसतो. त्या पंपातल्या टॉलसी या भागाचा जीन उडवला की त्याच ई. कोलायवर लिनेझोलिड चालायला लागतं, व्हॅन्कोमायसिनला ढिम्म फरक पडत नाही. त्याच्यासाठी बाहेरची मेम्ब्रेनच धड न बनणारा म्युटंट लागतो.

टेट्रासायक्लिनच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांचीही हीच समजूत होती, रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, बॅक्टेरियात औषध कमी सापडतं म्हणजे ते शिरतच नसणार. १९८० मध्ये बोस्टनला स्टुअर्ट लेव्ही यांच्या लॅबने दाखवलं की शिरतं, पण बाहेर उपसलं जातं.

आता मोजतात कसं, तर औषधात भिजवलेले बॅक्टेरिया सिलिकॉन ऑइलच्या थरावर ओतायचे आणि सेंट्रिफ्यूज फिरवायचं, बॅक्टेरिया तेल भेदून तळाला जातात, औषधाचं पाणी वरच राहतं, मग तळाचा गोळा फोडून मास स्पेकवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, औषध किती ते बघायचं. पण हा आकडा हौदातल्या पाण्याचा झाला, नळ बारीक आहे की खालून गळतंय हे त्यावरून कळत नाही. मग तोच प्रयोग सीसीसीपी नावाचं रसायन टाकून परत करतात, पंप ज्या प्रोटॉनच्या जोरावर चालतो तो जोरच त्याने जातो, आणि आकडा एकदम वर गेला तर समजायचं की गळती होती.

आणि आकडा मोठा आला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही हां. फोडलेल्या गोळ्यात मेम्ब्रेनला नुसतं चिकटलेलं आणि दोन मेम्ब्रेनच्या मधल्या फटीत बसलेलं औषधही मोजलं जातं. अँपिसिलिनचं त्या फटीतच भागतं कारण त्याचं काम तिथल्या भिंतीवर आहे, लिनेझोलिडला पार आत रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रापर्यंत, जावं लागतं.