हलके लिनक्स आणि जुने संगणक

कमी रॅम, कमी जागा आणि मंद प्रोसेसर असलेल्या यंत्रावरही नीट चालावी म्हणून मुद्दाम लहान ठेवलेल्या लिनक्स प्रणालीला हलके किंवा मिनिमल लिनक्स म्हणतात. अशी प्रणाली पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर बसवायची, हाताने छाटायची, जुळवायची आणि अडगळीत गेलेले यंत्र पुन्हा कामाला लावायचे, हा जगभरच्या हौशी मंडळींचा छंद आहे. टायनी कोअर, पपी, अँटीएक्स आणि डॅम स्मॉल लिनक्स ही त्यातली ओळखीची नावे.

माळ्यावर टाकलेला लॅपटॉप पुष्कळदा बिघडलेला नसतोच. कीबोर्ड चालतो, स्क्रीन लागते, डिस्क फिरते. विकत घेतला त्या दिवशी त्याचा प्रोसेसर जेवढा वेगवान होता तेवढाच आजही असतो. वाढत गेले ते त्याच्यावर चढवलेले सॉफ्टवेअरचे ओझे. ते ओझे नेमके कुठे आहे हे एकेक गोष्ट उतरवून पाहायचे, हा या छंदाचा गाभा. पैसे वाचतात, ई-कचरा थोडा कमी होतो हे खरेच; पण रात्री दोनपर्यंत जागून २५६ एमबी रॅमच्या यंत्राशी झटणाऱ्या माणसाची भूक वेगळी असते. समोरच्या यंत्रात या क्षणी काय काय चालू आहे, हे त्याला शेवटच्या ओळीपर्यंत कळायला हवे असते.

लिनक्स जन्मले तेच लहान. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत ते लिहायला घेतले ते ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमच्या संगणकावर. पुढे १९९० च्या दशकात अख्खी प्रणाली एका फ्लॉपीत बसवण्याची चुरस लागली. टॉम्सआरटीबीटी नावाच्या एका फ्लॉपीच्या लिनक्सने तर १.४४ एमबीची फ्लॉपी १.७२२ एमबीला फॉरमॅट करून जास्तीची जागा काढली होती. बंद पडलेला संगणक उठवायला ती फ्लॉपी उपयोगी पडे. याच ओढाताणीतून ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास डेबियन या लिनक्स प्रणालीच्या फ्लॉपीसाठी बिझीबॉक्स रचला. एलएस, सीपी, ग्रेप अशा लहानसहान आज्ञा वेगवेगळ्या फाइलींत न ठेवता एकाच प्रोग्रॅममध्ये भरायच्या, आणि ज्या नावाने हाक मारली त्या आज्ञेसारखे त्याने वागायचे, ही त्याची युक्ती. आज घरोघरच्या वाय-फाय राउटरमध्येही बिझीबॉक्स सापडतो.

२००० साली क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने डिस्कवर काहीही न बसवता थेट सीडीवरून लिनक्स चालवून दाखवले. त्याच पायावर जॉन अँड्रूज यांनी २००३ च्या सुमारास डॅम स्मॉल लिनक्स उभे केले आणि त्याला एक कडक अट घातली: सगळे मिळून ५० एमबी. हा आकडा व्हिजिटिंग कार्डाएवढ्या छोट्या सीडीवरून आलेला. अशी मर्यादा असली की निवडणाऱ्याचा कस लागतो, कारण नवा प्रोग्रॅम आत घ्यायचा तर जुना बाहेर काढावा लागतो. तरीही ब्राउझर, ई-मेल, लिखाणाचे आणि गाणी ऐकण्याचे साहित्य त्यात होते, आणि ४८६ प्रोसेसर व १६ एमबी रॅमवर ते चालू होई. २००८ नंतर काम थंडावले. २०२४ मध्ये अँड्रूज यांनीच ते पुन्हा हाती घेतले तेव्हा अट ७०० एमबीची, म्हणजे पूर्ण आकाराच्या सीडीची झाली होती. ‘लहान’ या शब्दाचा अर्थ मधल्या काळात चौदा पट फुगला.

डॅम स्मॉल लिनक्सवर आधी काम केलेल्या रॉबर्ट शिंगलडेकर यांनी २००८ च्या अखेरीस टायनी कोअर सुरू केले. या साऱ्या कुटुंबात विचाराने सर्वांत स्वच्छ रचना त्याचीच आहे, म्हणून ती जरा जवळून पाहावी. डिस्कवर मुख्य फाइली दोनच: एक कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा लिनक्सचा गाभा, दुसरी कोअर.जीझेड ही आवळून बांधलेली मूळ प्रणाली. नुसत्या कमांड लाइनची आवृत्ती १७ एमबीच्या आसपास, खिडक्या आणि माउस असलेली २३ एमबीच्या आसपास. चालू होताना ही प्रणाली स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये उलगडते. नुसते कोअर चालवत असाल तर त्यानंतर पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला तरी काम थांबत नाही. बाकी सगळे, म्हणजे ब्राउझर, एडिटर, वाय-फायचे फर्मवेअर, टीसीझेड एक्स्टेंशन म्हणून वेगळे आणायचे. एक्स्टेंशन म्हणजे एक बंद, न बदलणारी फाइल. ती फोडून डिस्कभर पसरवली जात नाही, जशीच्या तशी माउंट होते, आणि ऑनबूट.एलएसटी या यादीत नाव असेल तरच चालू होताना जोडली जाते. त्यामुळे आठवडाभर वाटेल ते प्रयोग करा, रीस्टार्ट केले की प्रणाली पहिल्या दिवसासारखी कोरी.

नवख्याची फजिती होते ती याच गुणामुळे. वाय-फायचा पासवर्ड, वॉलपेपर, दोन तास खपून लिहिलेली स्क्रिप्ट, सगळे रॅममध्ये असते. बंद करताना बॅकअपचा पर्याय निवडला तर होम आणि ऑप्ट फोल्डरमधला मजकूर मायडेटा.टीजीझेड या गाठोड्यात बांधला जातो. निवडला नाही, किंवा मध्येच वीज गेली, तर सगळे गेले. पुन्हा चालू केल्यावर समोर येतो तो कोरा निळा डेस्कटॉप, आणि रॅम व डिस्क यांतला फरक त्या दिवशी पक्का होतो. सरावलेले लोक होम फोल्डर डिस्कच्या वेगळ्या भागावर ठेवतात. त्यासाठी बूटच्या ओळीत, म्हणजे चालू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनेत, एक शब्द वाढवला की पुरते.

पपी लिनक्स ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये आणले. नाव त्यांच्या चिवावा जातीच्या कुत्र्यावरून. तेही रॅममध्ये चालते, पण लिखाण, फोटो, प्रिंटर यांची सोय आयती मिळते आणि केलेले बदल एका सेव्हफाइलमध्ये राहतात. पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्याने इथून सुरुवात करावी. ग्रीसमधून आलेले अँटीएक्स डेबियनवर उभे आहे, सिस्टमडी (चालू होताना बाकी सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरत नाही, आणि डेबियनचे हजारो प्रोग्रॅम त्यात हाताशी येतात. दुबळे यंत्र रोजच्या रोज वापरायचे असेल तर हेच घ्यावे.

छाटणीला बसले की लवकरच ध्यानात येते की कर्नल, शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम), विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) यांचे वजन फारसे नाही. टायनी कोअरच्या सूचनांत डेस्कटॉपसाठी किमान ४६ एमबी रॅम सांगितली आहे, १२८ असावी अशी शिफारस. जेडब्ल्यूएम, आइसडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स हे विंडो मॅनेजर जुन्या यंत्रावरही झटपट उघडतात. रॅम अपुरी पडली तर झेडरॅम आहे: तूर्त न लागणारा डेटा डिस्कवर न टाकता रॅममध्येच आवळून ठेवायची सोय. एवढी काटकसर करून झाली की ब्राउझर उघडायचा, आणि बातम्यांच्या एका संकेतस्थळाने सगळी कमाई घालवायची. आजची बरीच पाने म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले प्रोग्रॅमच असतात. एकेक टॅब शेकडो एमबी खातो. पेंटियम थ्री किंवा अॅथलॉन एक्सपीवर तर प्रश्न वेगाचाही उरत नाही. त्या प्रोसेसरांत एसएसई२ हा सूचनासंच नाही, म्हणून नवा ब्राउझर सुरू करताच ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे लिहून मरतो. मग डिलो किंवा नेटसर्फ हे हलके ब्राउझर वापरायचे. डिलो १९९९ चा, जावास्क्रिप्ट अजिबात न चालवणारा, चालू व्हायला क्षणही न घेणारा. काही वर्षे पडून राहिल्यावर २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. त्यात बँकेचे काम होणार नाही, पण साधा मजकूर वाचायला तो फार सुखाचा.

मराठी वाचकाला इथे एक वेगळीच अडचण येते, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. देवनागरी नीट दिसायला फॉन्ट असून भागत नाही. अक्षरांची जुळणी करणारे इंजिनही लागते. हलक्या प्रणालीत वजन वाचवायला जे गाळले जाते त्यात हे इंजिन पहिल्यांदा जाते. डिलो ज्या एफएलटीके साधनपेटीवर बांधलेला आहे तिच्या १.३ मालिकेत अशी जुळणी नाही. लोहितसारखा मुक्त फॉन्ट घालूनही ‘किती’ लिहिले तर पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर बसते, आणि ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या फुटून ऱ, पाय मोडल्याची खूण आणि सुटा या असे तीन तुकडे दिसतात. एक्सटर्म या आज्ञा लिहायच्या खिडकीतही तेच. कर्नलच्या उघड्या कन्सोलवर तर आशाच नाही, कारण तिथल्या फॉन्टला जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवता येतात. जीटीके या दुसऱ्या साधनपेटीवर बांधलेले प्रोग्रॅम पँगो या जुळणीच्या इंजिनाकडून अक्षरे जुळवून घेतात, म्हणून नेटसर्फची जीटीके आवृत्ती मराठी पाने बरोबर दाखवते. एफएलटीकेच्या १.४ मालिकेतही आता पँगो जोडता येतो. टंकलेखनाचे मात्र सोपे आहे. इनस्क्रिप्ट कळफलक एक्स विंडो या खिडक्या दाखवणाऱ्या मूळ व्यवस्थेतच असतो. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागत नाही. कोणतेही हलके लिनक्स मराठीसाठी तपासायचे तर ‘दुसऱ्या’ हा एक शब्द टाइप करून पाहावा.

यंत्राकडे वळले की कामाची जात बदलते. तिथे स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट आणि धीर लागतो. बरीच वर्षे पडून असलेल्या संगणकात पहिल्यांदा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाहावा. तो संपला की घड्याळ बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, जन्मतारखेकडे परत जाते. तारीख दोन दशके मागे असली की कुलूपवाली संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्या तारखेला त्यांची प्रमाणपत्रे अस्तित्वातच नव्हती. माणूस वाय-फायच्या ड्रायव्हरशी दोन संध्याकाळी झगडतो आणि दोष निघतो किरकोळ किमतीच्या सेलमध्ये. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या मदरबोर्डांवर कपॅसिटरही तपासावे. डोके फुगलेले किंवा तपकिरी रस गळलेला दिसला तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आयडीई या जुन्या जोडणीच्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड लावणे ही या मंडळींची लाडकी दुरुस्ती. त्या कार्डाला आयडीईची भाषा मुळातच येते, त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे जवळजवळ नुसत्या तारा. खरखर थांबते, लॅपटॉप थोडा गार राहतो. असे अडॅप्टर आणि वापरलेली रॅम शोधायला पुण्यात तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागतो. यूएसबीवरून बूट न होणाऱ्या यंत्राला प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडी किंवा फ्लॉपीवरून आधी चालवतात आणि मग पेनड्राइव्हकडे वळवतात. पेंटियम एमची गोष्ट त्याहून मजेची. सुरुवातीच्या पेंटियम एममध्ये पीएई ही ४ जीबीहून जास्त रॅम वापरू देणारी सोय असते, पण प्रोसेसर ती जाहीर करत नाही. म्हणून कर्नल ‘पीएई नाही’ म्हणत थांबतो. बूटच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ लिहिले की तेच यंत्र मुकाट्याने पुढे जाते.

सगळीच जुनी यंत्रे मात्र जगवण्यासारखी नसतात. प्रेस्कॉट जातीच्या पेंटियम फोरची उष्णता मर्यादा ८४ ते ११५ वॅट. पेंटियम एमची २१ ते २७. घरात रात्रंदिवस चालणारा फाइल सर्व्हर पेंटियम फोरवर करणे म्हणजे फुकट मिळालेल्या यंत्रासाठी दर महिन्याला वीजबिल भरणे. त्या कामाला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय बरा. टायनी कोअरची पायकोअर ही आवृत्ती त्यासाठीच आहे. २००७ चा आसुस ई पीसी ७०१ मात्र आजही हातात घ्यावासा वाटतो. ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची न फिरणारी डिस्क, आणि ९०० मेगाहर्ट्झचा पण ६३० वर चालवलेला सेलेरॉन. तो मुळात लिनक्ससह विकला जाई, आणि नुसते लिखाण करायचे असेल तर आजही पुरतो.

३२-बिट, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरांच्या, यंत्रांखालची जमीन मात्र सरकते आहे. लिनक्स ज्याच्यावर जन्मले त्या ३८६ ला कर्नलने २०१३ मधल्या ३.८ आवृत्तीत निरोप दिला, आणि ४८६ लाही रजा द्यावी असा प्रस्ताव २०२५ मध्ये आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल राहिला नाही, आणि वर्ष सरता सरता फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या. काही जण याला उत्तर म्हणून उलट मागे जातात: पोलंडमधल्या एका हौशी माणसाने २०२१ मध्ये फ्लॉपिनक्स रचले, नवा कर्नल आणि बिझीबॉक्स एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीत. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागत असल्याने ८ जीबी रॅमचे, चार कोअरचे धडधाकट संगणक अडगळीत येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी छाटणीची गरजच नाही. साधे डेबियन आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप घातला की ते दिवसभराच्या कामाला लागतात.