दीर्घवाचन क्रमनिर्धारण आणि मिथिलीकरण

डीएनएचे हजारो आधारक (डीएनएची ‘अक्षरे’) लांबीचे तुकडे अखंड वाचून, त्याच वाचनातून त्यांवरचे मिथिल गट (डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) कुठे आहेत हेही ओळखण्याची पद्धत. एखाद्या व्यक्तीच्या जनुकसंचात आईकडून आलेल्या प्रतीवर कोणत्या खुणा आहेत आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीवर कोणत्या, हे या पद्धतीने वेगवेगळे पाहता येते.

माणसात मिथिल गट मुख्यतः ज्या सायटोसीन आधारकाच्या लगेच पुढे ग्वानीन असते, त्याला चिकटतो. जनुकसंचाच्या एका प्रतीत अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत. मिथिल गटाने अक्षर बदलत नाही; जनुक चालू राहायचे की गप्प, यावर मात्र त्याचा परिणाम होतो.

१९९२ पासून वापरात असलेल्या बायसल्फाइट पद्धतीत मिथिल नसलेल्या सायटोसीनचे युरॅसिल होते आणि वाचताना ते थायमीन म्हणून दिसते. पद्धत भरवशाची, पण या रसायनाने डीएनएचा चुरा होतो. त्यातून दीडशेएक आधारकांचे तुकडे वाचले, की कोणती खूण कोणत्या पालकाच्या प्रतीवरची, हे बहुतेक वेळा कळत नाही.

दीर्घवाचनाचे प्रचलित मार्ग दोन. पॅसिफिक बायोसायन्सेसच्या यंत्रात पॉलिमरेज विकर पूरक साखळी बांधत असताना मिथिलित आधारकापाशी त्याची लय बदलते. हे २०१० मध्ये दाखवले गेले. ऑक्सफर्ड नॅनोपोरच्या यंत्रात साखळी अतिसूक्ष्म रंध्रातून सरकते आणि मिथिल गटामुळे तिथला विद्युतप्रवाह किंचित वेगळा पडतो. अट एकच, पण मोडता येत नाही: डीएनए पेशीतून काढलेलाच हवा. पीसीआरने (प्रयोगशाळेत डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने) वाढवलेल्या प्रतींत अक्षरे उतरतात, खुणा उतरत नाहीत.

पंधरा-वीस हजार आधारकांच्या वाचनात आई-वडिलांच्या प्रतींमधले अनेक फरक सापडतात, म्हणून वाचने दोन गटांत लावता येतात. पंधराव्या गुणसूत्रावरील एका भागात आईकडची प्रत मिथिलित आणि वडिलांकडची मोकळी असते. मुलाला दोन्ही प्रती आईकडूनच मिळाल्या तर अक्षरांत एकही चूक नसताना प्रादर-विली हा जन्मजात विकार होतो. दोन्ही प्रतींवर आईचाच ठसा दिसला की संशय येतो. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारातही हा फायदा आहे. सीजीजी या तीन अक्षरांच्या गटाच्या २०० हून अधिक आवृत्त्या झाल्या की एफएमआर१ जनुक सहसा मिथिलित होऊन बंद पडते. आवृत्त्यांची संख्या आणि मिथिलीकरण, दोन्ही एकाच रेणूवर मोजता येतात.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या सलग मानवी जनुकसंचाने सेंट्रोमिअरमधले (गुणसूत्राच्या आकसलेल्या भागातले) मिथिलीकरणही उघडे केले. तिथे कायनेटोकोअर (पेशीविभाजनात गुणसूत्र ओढणारे धागे ज्याला जोडले जातात तो प्रथिनांचा समूह) बसतो त्या भागात ते घटलेले आढळले. गंमत अशी, की तो जनुकसंच कुणा व्यक्तीचा नव्हताच. तो द्राक्षगर्भापासून (आईचा जनुकसंच नसलेल्या, बाळ न घडणाऱ्या असामान्य गर्भधारणेपासून) तयार केलेल्या पेशींचा होता आणि त्यात आई-वडिलांच्या वेगळ्या प्रती नव्हत्या. दोन्ही प्रतींच्या अभ्यासासाठी एचजी००२ हा नमुना फार वापरला जातो. तो पर्सनल जीनोम प्रोजेक्टमध्ये सहभागी झालेल्या एका अश्केनाझी ज्यू तरुणाचा असून त्याच्या आई-वडिलांचे नमुनेही उपलब्ध आहेत. मात्र हा डीएनए बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तपेशींतून येतो आणि अशा पेशींत खुणा बदलतात. अक्षरे त्या तरुणाची म्हणता येतील. मिथिलीकरण त्याच्या मेंदूचे किंवा यकृताचे नव्हे.