दोन वेद्यांचा राजा

सटन हूच्या टेकाडात जे जहाज सापडलं, त्याचं लाकूड औषधालाही उरलेलं नव्हतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, डेबेन नदीकाठची ही जमीन रेताड आणि आम्लधर्मी. तेराशे वर्षांत तिनं फळ्या, कापड, हाडं, सगळं पचवलं. राहिल्या त्या लोखंडी खिळ्यांच्या ओळी आणि वाळूवर उमटलेला सुमारे २७ मीटर लांबीचा ठसा.

१९३९ च्या मे महिन्यात यातला पहिला खिळा हाती लागला. खोदकाम करत होते बेझिल ब्राउन. शेतकरी घरातले, बाराव्या वर्षी शाळा सुटलेले आणि पुढचं सगळं स्वतःच वाचून शिकलेले. जमिनीच्या मालकीण इडिथ प्रिटी यांनी त्यांना या कामावर नेमलं होतं. ब्राउननी खिळे उपटून काढले नाहीत. प्रत्येक खिळा जागच्या जागी ठेवून ते आजूबाजूची वाळू खरवडत गेले, म्हणून तर न उरलेल्या जहाजाचा आकार आज आपल्याला माहीत आहे. जुलैत विद्यापीठाची माणसं आली आणि जहाजाच्या मधोमध असलेली दफनाची खोली उघडली. सोनं, चांदी, तलवार, ढाल, वाद्य, कढया आणि चेंदामेंदा झालेलं एक लोखंडी शिरस्त्राण. ऑगस्टमध्ये गावच्या सभागृहात चौकशी बसली. पंचांनी हा ऐवज इडिथबाईंचा ठरवला आणि बाईंनी तो सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पुढच्याच महिन्यात महायुद्ध सुरू झालं आणि राजाची दौलत लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका बंद बोगद्यात जाऊन बसली. जमिनीतून वर येऊन पुन्हा जमिनीतच.

राजाची, असं म्हणतो खरं, पण नाव कुठंही कोरलेलं नाही. थैलीत ३७ सोन्याची नाणी होती, सगळी फ्रँकांच्या राज्यातली, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूची, आणि प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतलं. त्यांच्यावरून काळ सातव्या शतकाच्या पूर्वार्धात जातो. त्या काळी पूर्व अँग्लियात, म्हणजे या भागातल्या राज्यात, एवढा डामडौल परवडेल असा एक राजा चटकन डोळ्यांसमोर येतो. तो म्हणजे रेडवाल्ड, मृत्यू सुमारे ६२४. बहुतेक अभ्यासकांचं बोट त्याच्यावरच थांबतं.

या रेडवाल्डची गोष्ट बीड नावाच्या ख्रिस्ती भिक्षूनं ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात आहे. रेडवाल्ड इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट राज्यात गेला आणि तिथं बाप्तिस्मा घेऊन आला. घरी आल्यावर बायकोनं आणि काही सल्लागारांनी त्याचं मन वळवलं. मग त्यानं एकाच देवळात दोन वेद्या ठेवल्या. एक ख्रिस्तासाठी, आणि दुसरी, छोटी, जुन्या देवांना बळी देण्यासाठी. बीड त्या देवांना अर्थातच ‘सैतान’ म्हणतो. पुढचा एक राजा सांगायचा की, आपण लहानपणी ते देऊळ डोळ्यांनी पाहिलंय.

बीडच्या लेखी हा दुटप्पीपणा. मला मात्र ते राजकारण वाटतं, आणि बऱ्यापैकी शहाणपणाचं. ख्रिस्ती धर्म तेव्हा इंग्लंडात वरून खाली येत होता. पोपनं पाठवलेला ऑगस्टीन ५९७ मध्ये केंटला उतरला, तेव्हा तिथल्या एथेलबर्ट राजाची फ्रँक राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती. रेडवाल्डचा बाप्तिस्मा म्हणजे याच एथेलबर्टच्या वर्चस्वापुढं झुकवलेली मान. घरची माणसं, सरदार, शेतकरी मात्र जुन्या देवांचे. खुद्द पोप ग्रेगरीलाही याची जाण होती. ६०१ च्या पत्रात तो बजावतो की देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती फोडा आणि इमारत शिंपून शुद्ध करून घ्या. बैल कापायची सवय असेल तर कापू द्या, पण आता देवाच्या नावानं मेजवानी म्हणून. देऊळ तेच, जेवण तेच, यजमान तेवढा बदलायचा.

रेडवाल्डच्या बायकोचं नाव बीडनं दिलेलं नाही, पण बाईचा वचक दिसतो. नॉर्थम्ब्रियाचा परागंदा राजपुत्र एडविन रेडवाल्डच्या आश्रयाला आला होता. शत्रूनं त्याच्या जिवासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि रेडवाल्डचं मन डळमळलं. सोन्यासाठी शरण आलेल्या मित्राला विकणं राजाला शोभत नाही, हे त्याला राणीनं सुनावलं. मग रेडवाल्ड ६१६ च्या सुमारास आयडल नदीकाठी लढला, जिंकला आणि त्या लढाईत मुलगा गमावून बसला. एडविन गादीवर आला आणि पुढं स्वतः ख्रिस्ती झाला. बीडनं जिला नवऱ्याला बहकवणारी ठरवलं, तिच्याच शब्दामुळं नॉर्थम्ब्रियाचा पहिला ख्रिस्ती राजा जिवंत राहिला.

राजांना जुने देव सोडवत नव्हते याला आणखी एक कारण होतं. ते त्यांचे पूर्वज होते. बहुतेक अँग्लो-सॅक्सन राजघराणी आपली वंशावळ वोडनपर्यंत नेत. फक्त एसेक्सवाले सेक्सनीट नावाच्या देवापर्यंत. पूर्व अँग्लियाच्या यादीत तर वोडनच्या शेजारी चक्क सीझर बसवलाय, म्हणजे इथंही दोन्ही डगरींवर हात. पुढं ख्रिस्ती झाल्यावरही वेसेक्सच्या राजांनी वोडनला यादीतून काढलं नाही. त्याच्यामागं आणखी पिढ्या जोडल्या आणि यादी नोहामार्गे आदमपर्यंत नेली. देव होता तो साधा पणजोबा झाला. सूर्यवंश-चंद्रवंश ऐकत वाढलेल्यांना या कारागिरीचं फारसं नवल वाटू नये.

हा वोडन इंग्रजी वेन्सडेमध्ये अजून शिल्लक आहे. सात ग्रहांचा आठवडा भूमध्य सागराकडून जसा उत्तरेला गेला तसाच भारतातही आला. रोमनांचा बुध उत्तरेत वोडन झाला, गुरू झाला मेघगर्जनेचा देव थुनोर, म्हणजे नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) लोकांचा थोर. त्यामुळं बुधवार आणि वेन्सडे हा एकच वार आहे.

आता दफनाकडे. पाचव्या-सहाव्या शतकात पूर्व इंग्लंडात आलेले लोक मोठ्या संख्येनं मृतांना जाळत. नॉरफोकमधल्या स्पाँग हिलला दोन हजारांहून जास्त दहनांचे अवशेष सापडले. घडवून, नक्षी काढून भाजलेल्या मडक्यांत अस्थी, सोबत कंगवा, कधी इवलासा चिमटा किंवा कात्री. टेकाड नाही, जहाज नाही. साऱ्या गावाची एक दफनभूमी. मग सहाव्या शतकाच्या अखेरीला अचानक मोजक्या लोकांसाठी प्रचंड टेकाडं उभी राहू लागली. सटन हूचं उत्खनन नंतर पुन्हा करणारे मार्टिन कार्व्हर यांचा तर्क असा की, हा योगायोग नाही. समोर केंटमध्ये क्रूस उभा राहिलेला दिसत असताना जुन्या रीतीच्या घराण्यानं नदीवरून दिसेल असं आपलं उत्तर रचलं. मला हे पटतं. धोका नसताना कोणी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही.

पण उत्तर तितकं सरळही नाही. त्याच खोलीत ग्रीक अक्षरांत ‘सावलोस’ आणि ‘पावलोस’ कोरलेले चांदीचे दोन चमचे होते, म्हणजे संत पॉलचं ख्रिस्ती होण्याआधीचं आणि नंतरचं नाव. काहींना ती बाप्तिस्म्याची भेट वाटते. बायझंटाइन सम्राट अनास्तासियसचे शिक्के असलेलं मोठं चांदीचं ताट होतं. शिरस्त्राण आणि ढाल यांचे सख्खे भाऊबंद मात्र स्वीडनच्या वेंडेल आणि वाल्सयेर्डे इथल्या नौका-कबरींत सापडतात. शिरस्त्राणाच्या भुवयांवर लाल गार्नेट जडवलेत. एका भुवईखाली चमक वाढवणारा सोन्याचा वर्ख आहे, दुसरीखाली नाही. शेकोटीच्या उजेडात एक डोळा झगमगायचा, दुसरा विझलेला दिसायचा. वोडननं ज्ञानासाठी एक डोळा दिला होता, अशी उत्तरेतली कथा आहे. ही खूण मुद्दाम केलेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. आणि गार्नेट? त्या काळात युरोपात वापरलेल्या अशा खड्यांच्या रासायनिक तपासण्यांत बरेचसे भारत आणि श्रीलंकेतून गेलेले असल्याचं दिसतं. सटन हूच्या वाळूत ते कोणकोणत्या हातांतून पोचले असतील, याची नुसती कल्पना करावी.

एसेक्समध्ये प्रिटलवेलला २००३ मध्ये उघडलेली कबर याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. तीही राजेशाही खोली, तिथंही वाद्य, पेले, सोन्याची नाणी. पण मृताच्या डोळ्यांवर बहुधा सोन्याच्या पत्र्याचे दोन क्रूस ठेवले होते. घर जुन्या पद्धतीनं सजवलेलं, चेहरा नव्या धर्माचा.

इंग्लंडात हा गोंधळ सातव्या शतकातच निवळला. स्कँडिनेव्हियात तो आणखी तीन शतकं चालला, त्यामुळं तिथं आपल्याला जास्त दिसतं आणि जास्त ऐकूही येतं. आइसलंडचा स्नोरी तेराव्या शतकात लिहितो की, ओडिननं, म्हणजे तिकडच्या वोडननं, मृतांना जाळायचा कायदा केला, आणि सरणावर जे ठेवाल ते पलीकडे मिळतं. मग फ्रेय नावाचा देव-राजा मेला तेव्हा त्याच्या माणसांनी ही बातमी दडवली, त्याला टेकाडात ठेवलं आणि लोकांचा कर तीन भोकांतून आत ओतत राहिले. एकातून सोनं, दुसऱ्यातून चांदी, तिसऱ्यातून तांबं. तीन वर्षं. पीकपाणी चांगलं राहिलं म्हणून लोकांनी त्याला जाळलंच नाही. गेला तर सुगीही जाईल, ही भीती. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि दोनेकशे वर्षं उशिरा लिहीत होता, हे ध्यानात ठेवलं तरी मेलेला राजा जमिनीत राहून कामाला येतो, हा विचार त्यानं नेमका पकडलाय.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मात्र बगदादचा. खलिफाच्या दूतमंडळातला इब्न फदलान ९२२ मध्ये व्होल्गाकाठी होता. तिथं रूस व्यापाऱ्यांचा, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या नॉर्स लोकांचा, सरदार वारला. त्याला दहा दिवस तात्पुरत्या खड्ड्यात ठेवून कपडे शिवले गेले. मालमत्तेचे तीन वाटे झाले: एक घरच्यांना, एक कपड्यांना, एक दारूला. मग नाव काठावर ओढून आत त्याला बसवलं, जनावरं कापली आणि एका दासीला ‘मृत्यूची देवदूत’ म्हटल्या जाणाऱ्या म्हातारीनं इतरांच्या मदतीनं ठार केलं. दासी आपणहून तयार झाली, असं तो लिहितो. दासीच्या ‘आपणहून’ला किती अर्थ असतो ते वाचणाऱ्यानं ठरवावं. ढालींवर काठ्या आपटत होते, तिच्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून. आग पेटल्यावर एक रूस माणूस दुभाष्याला म्हणाला, तुम्ही अरब खुळे आहात, जिवलगाला मातीत किड्यांना देता. आम्ही क्षणात जाळतो आणि तो तत्काळ स्वर्गात जातो.

न जाळलेली जहाजं नॉर्वेत सापडली. १९०४ मध्ये खोदलेल्या ओसेबर्गच्या जहाजात, ८३४ मध्ये पुरलेल्या, दोन स्त्रिया होत्या. एक बरीच म्हातारी, दुसरी पन्नाशीची. कोरीव गाडा, घसरगाड्या, विणलेली चित्रपट्टी आणि एक बादली, जिच्यावर मांडी घातलेली आकृती आहे. तिला गमतीनं बुद्ध म्हणतात, पण घडण ब्रिटन-आयर्लंडकडची. शेजारच्या गोकस्टाडच्या राजपुरुषाबरोबर घोडे, कुत्रे आणि चक्क मोर पुरले होते. दोन्ही टेकाडं पुढं फोडली गेली. ओसेबर्गमध्ये टाकून दिलेल्या लाकडी फावड्यांची वयं काढली, तर ती दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली निघाली. चोरांनी लपूनछपून केलेलं हे काम नव्हे. मोठा खंदक खणून, दिवसाढवळ्या, एका घराण्याचा पूर्वज उखडायचं काम होतं ते.

त्याच काळात डेन्मार्कचा हाराल्ड, ज्याच्या ‘ब्लूटूथ’ या टोपणनावाशी आपल्या मोबाइलची रोजची ओळख आहे, येलिंगला शिळा उभारत होता. बाप गोर्म ९५८-५९ च्या सुमारास टेकाडात पुरलेला. शिळेवर एका अंगाला क्रूसासारखे हात पसरलेला ख्रिस्त आणि मजकूर असा की हाराल्डनं आईबापांच्या स्मरणार्थ हे केलं, सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. टेकाडातली बापाची खोली रिकामी सापडली. चर्चखाली मात्र एका पुरुषाची हलवून आणलेली हाडं मिळाली. ती गोर्मची असतील, तर मुलानं मेलेल्या बापाचंही धर्मांतर केलं.

नॉर्वेचा हाकोन याच्या नेमका उलटा. तो वाढला इंग्लंडात, एथेलस्टन राजाच्या घरी, ख्रिस्ती म्हणून. गादीवर आल्यावर शेतकऱ्यांनी त्याला यज्ञाच्या जेवणाला बसवलं. त्यानं शिंगाच्या पेल्यावर क्रूसाची खूण केली, तेव्हा त्याचा सरदार सिगुर्द पटकन म्हणाला, राजानं थोरच्या हातोड्याची खूण केली! पुढच्या खेपेला घोड्याचं यकृत चार घास खावंच लागलं. सुमारे ९६१ मध्ये लढाईत जखमी होऊन मरताना तो म्हणाला की जगलो तर ख्रिस्ती लोकांत जाऊन प्रायश्चित्त घेईन, मेलो तर तुम्हाला हवं तसं पुरा. त्यांनी त्याला शस्त्रांनिशी टेकाडात पुरलं. एविंद नावाच्या कवीनं त्याच्यावर काव्य रचलं. त्यात वाल्किरी, म्हणजे रणात पडलेल्यांना न्यायला येणाऱ्या ओडिनच्या दूती, त्याला ओडिनच्या महालापाशी नेतात. देवळांना त्यानं हात लावला नव्हता, म्हणून देव त्याचं स्वागत करतात. हाकोन मात्र दारातच थबकतो. ओडिनचा त्याला भरवसा नाही. आमची शस्त्रं आमच्यापाशीच राहू देत, असं तो म्हणतो, आणि शिरस्त्राण-चिलखत उतरवत नाही.