जाडी निम्मी, वेळ पाव

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांमुळे मुंबईतल्या पुष्कळ घरांत हल्ली बोनलेस चिकन वारंवार येते आणि त्याच्या मागोमाग एक तक्रारही येते, ती म्हणजे ब्रेस्टचा, म्हणजे छातीच्या मांसाचा, शिजल्यावर चोथा होतो. दोष मांसाला दिला जातो. माझ्या मते तो तुकड्याच्या आकाराचा आहे. या तुकड्याचे एक टोक सुमारे ४ सेंटिमीटर जाड, तर दुसरे जेमतेम १ सेंटिमीटर असते आणि तवा दोन्ही टोकांना सारखाच तापवतो.

रश्श्यात उष्णता पाण्याबरोबर फिरते. मांसात ती केवळ वहनाने, थरामागून थर ओलांडत आत सरकते. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या उष्णतावहनाच्या सिद्धांतातून निघणारा एक निष्कर्ष मला फार सुंदर वाटतो: उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की तापमानाचा उतार निम्म्याने मंदावतो, म्हणून उष्णतेचा ओघही निम्मा होतो आणि तापवायचे मांस मात्र दुप्पट असते. अशा रीतीने वेळ चौपट लागतो. मांसातील उष्णतेची विसरणशीलता, म्हणजे उष्णता पसरण्याच्या वेगाचे माप, सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर असते. पृष्ठभागापासून गाभा २० मिलिमीटर दूर असेल, तर २० चा वर्ग ४०० भागिले ०.१४ इतके सेकंद, म्हणजे जवळपास ४८ मिनिटे येतात, आणि १० मिलिमीटर दूर असेल, तर सुमारे १२. ही शिजण्याची नेमकी वेळ नव्हे, पण गुणोत्तर तेच राहते.

दरम्यान पातळ टोकाचे हाल होतात. कच्च्या ब्रेस्टमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते. मायोसिन हे प्रथिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली घडी मोडू लागते, ६५ अंशांपुढे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाची पाळी येते, तंतू आक्रसतात आणि पाणी पिळून बाहेर पडते. साल्मोनेलासारख्या जिवाणूंमुळे गाभा ७४ अंशांपर्यंत नेणे भागच असते. तोवर पातळ कडेतले पाणी निघून गेलेले असते.

मोठ्या आचेवर बाहेरून कडक केल्याने रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरला आणि तो चुकीचा आहे. तव्यावरचा चर्र आवाज म्हणजे बाहेर पडलेल्या त्याच पाण्याची वाफ होय. त्या आचेने खमंग चव येते, ओलावा टिकत नाही.

म्हणून जाडी आधीच कमी करावी. तुकडा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला की घट्ट होतो आणि सुरीखाली सरकत नाही. तो फळीवर ठेवून वरून तळहाताने हलके दाबावा, बोटे पसरून वर ठेवावीत, धारदार सुरी फळीला समांतर धरून जाड कडेने आत न्यावी आणि पलीकडची कड साधारण १ सेंटिमीटर उरली की थांबावे. मग तो वहीसारखा उघडतो. मधल्या शिवणीशी जाडसर पट्टा राहतोच. तेथे लाटण्याने हलके ठोकावे आणि शिजताना थर्मामीटरची सुई तेथेच, बाजूने आडवी खुपसावी.