पोलीस ॲक्शन, नामांतर आणि आधी दिसलेल्या खुणा

९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. नेमके त्याच दिवसांत पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार हैदराबाद संस्थानातली गावं पालथी घालत होते. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई, होऊन निजाम शरण आला, त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं ते पाहायला नेहरूंनी त्यांना धाडलं होतं.

आधीचा काळ रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा. लातूरचा वकील कासीम रझवी हा त्यांचा म्होरक्या. लूट, जाळपोळ, खून. हिंदू संख्येने कितीतरी जास्त, पण राज्य त्यांच्या हाती नव्हतं. संरक्षण कुणाला लागतं हे नुसत्या शिरगणतीवरून ठरत नाही. आणि सगळे मुसलमान रझाकारही नव्हते. भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्येच खून झाला होता. तरी रझाकारांवरचा सूड निघाला तो शेजारच्या विणकरावर, दुकानदारावर. सुंदरलाल समितीच्या अंदाजाने संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. १७ सप्टेंबरचं, मुक्तिदिनाचं झेंडावंदन व्हायलाच हवं. पण तिथल्या भाषणांत हे पान क्वचितच उघडतं. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची, त्यापायी जीव गमावल्याचीही नोंद आहे. एकाच धंद्यातला भाईचारा तिथे धर्मापेक्षा चिवट निघाला.

तीस वर्षांनी पुन्हा तेच. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि घरं जळाली ती खेड्यांतल्या दलित वस्त्यांत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. याला वंशसंहार म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण राग एकावर आणि मार हाताशी सापडलेल्या दुबळ्यावर, ही रीत तीच. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला.

अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांनी १९९६ मध्ये वंशसंहाराचे आठ टप्पे मांडले, पुढे ते दहा झाले. त्यांतले सुरुवातीचे गावात राहणाऱ्याला ओळखीचे वाटतील: माणसांची ‘आपले’ आणि ‘ते’ अशी वाटणी, मग ‘त्यांना’ जनावराच्या, रोगाच्या उपमा. आपल्याकडे बहिष्काराची तऱ्हा ठरलेली असते. किराणा बंद, मजुरी बंद, गिरणीवर दळण बंद.

दलित-आदिवासींवरचे अत्याचार रोखणाऱ्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत यावर उपाय आहे. सरकारने अत्याचारप्रवण भाग आधीच हेरायचे, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन आढावा घ्यायचा, गरज पडल्यास दलित-आदिवासी नसलेल्यांचे बंदुकीचे परवाने रद्द करायचे. २०१५ च्या दुरुस्तीने दलित-आदिवासींवरचा बहिष्कारही गुन्हा ठरला. धार्मिक हिंसाचार रोखण्यासाठीचं केंद्राचं विधेयक मात्र २०१४ मध्ये राज्यसभेत मांडूही दिलं गेलं नाही. वंशसंहारविरोधी कराराला भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली, पण त्यासाठी स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. दळण बंद झाल्याची खबर पोलीस पाटलाला त्याच दिवशी लागते. ती कागदावर चढते ती बहुधा गुन्हा दाखल झाल्यावर.