थँक्सगिव्हिंगची हॉलिवूड शुभेच्छाचित्रे

थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणासाठी हॉलिवूडच्या चित्रपट कंपन्या आपल्या नट्यांची खास छायाचित्रे काढून घेत. ती विनोदी असत आणि थाटामाटात सजवलेली असत. मूकपटांच्या शेवटच्या वर्षांपासून १९५० च्या दशकापर्यंत दर नोव्हेंबरात ती वर्तमानपत्रांना आणि सिनेमासिकांना फुकट पुरवली जात. चित्राचा साचा ठरलेला असे: मध्यभागी नटी, शेजारी टर्की पक्षी, पायाशी लाल भोपळा आणि मक्याची कणसे. कधी तिच्या हातात कुऱ्हाड असे आणि टर्की मान वर करून तिच्याकडे बघत असे. कधी दोन नट्या टर्कीच्या छातीचे दुबेळके हाड दोन बाजूंनी ओढत असत. मोठा तुकडा जिच्या हाती येईल तिची इच्छा पुरी होते, असा अमेरिकेत समज आहे. आपल्याकडे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पणती घेतलेली नटी जशी ओळखीची, तशी तिकडे टर्की धरलेली.

सणाचे मूळ १६२१ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत, म्हणजे ‘पिलग्रिम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्रज स्थलांतरितांच्या वस्तीत, झालेल्या सुगीच्या मेजवानीत सांगितले जाते. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार यासाठी जाहीर केला. त्या घोषणेमागे सेरा जोसेफा हेल या संपादिकेचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांची लाट आली, तेव्हा भोपळ्याच्या गाडीला जुंपलेला टर्की, टर्कीवर स्वार झालेले पोर अशी गमतीची रंगीत चित्रे घरोघर टपालाने जाऊ लागली. हॉलिवूडने हा विनोद तिथूनच उचलला आणि पोराच्या जागी नटी बसवली.

चित्रे तयार होत ती कंपनीच्या प्रसिद्धी विभागात. मोठ्या कंपन्या नट-नट्यांना सात वर्षांपर्यंतच्या कराराने बांधून ठेवत आणि छायाचित्रणाला हजर राहणे हा त्यांच्या कामाचाच भाग असे. मासिकांचे अंक दोन-तीन महिने आधी तयार होत असल्याने नोव्हेंबरातला सण लॉस एंजेलिसच्या उन्हाळ्यातच उरकावा लागे. हे काम बहुतेक वेळा नवोदित मुलींच्या वाट्याला येई. पडद्यावर दोन वाक्ये मिळालेल्या मुलीचा चेहरा गावोगावच्या वर्तमानपत्रांत पोहोचवण्याचा हा स्वस्त मार्ग होता. ग्रेटा गार्बो अमेरिकेत नवखी असताना तिलाही प्रसिद्धीसाठी सिंहाशेजारी आणि कॉलेजच्या धावपटूंबरोबर उभे केले गेले होते. नाव झाल्यावर तिने असले प्रकार साफ नाकारले. मॅरिलिन मन्रोचे टर्कीबरोबरचे प्रसिद्ध चित्र १९५० च्या सुमाराचे आहे. तेव्हा तिला छोट्या भूमिका मिळत होत्या. चित्रात तिने पिलग्रिमांच्या धाटणीचा, पण आखूड पोशाख घातला आहे आणि हातात बंदूक धरली आहे.

या चित्रांना नुसता जाहिरातीचा माल म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. ती काढणारे हात कसबी होते. एमजीएममध्ये क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल आणि जॉर्ज हरेल, पॅरामाउंटमध्ये यूजीन रॉबर्ट रिची, फॉक्समध्ये फ्रँक पॉवोल्नी अशा छायाचित्रकारांनी हॉलिवूडच्या चेहऱ्यांना जी झळाळी दिली, तिचीच रीत सणाच्या चित्रांतही दिसते. मुख्य दिवा उंचावर, समोरून. त्याने गालाची हाडे उठून दिसतात आणि नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते. दुसरा दिवा मागून. त्याने केसांभोवती तेजाची कड उमटते. निगेटिव्ह ८ बाय १० इंचांची, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाएवढी. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने काम करता येई. डोळ्यांखालची रेघ, गालावरचे ठिपके तिथेच मिटवले जात. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावरचे ठिपके असेच छापील चित्रांतून नाहीसे झाले.

आता या सगळ्या जय्यत तयारीत टर्की आणून उभा करा! नटी शिकवल्याप्रमाणे हनुवटी उचलून स्तब्ध राही, पण पक्ष्याला कोण सांगणार? म्हणून काही चित्रांत टर्की जिवंत आहे, काहींत पेंढा भरलेला, काहींत चक्क पुठ्ठ्याचा. जिवंत टर्की असलेली चित्रे सर्वांत चांगली, असे माझे मत आहे. त्यांत नटीच्या हसण्यात किंचित धास्ती मिसळलेली असते आणि तीच त्या हसण्याला खरेपणा देते. अशा वेळी नुसत्या सुंदर चेहऱ्यावर भागत नाही, विनोदाची जाण लागते. ती ज्यांच्याकडे होती त्यांची चित्रे आजही बघताक्षणी हसू आणतात.

चित्रामागे चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर नटीचे नाव, कंपनी, आगामी चित्रपट आणि दोन-तीन ओळींची शुभेच्छा टंकलेली असे. संपादकाने ती जशीच्या तशी छापावी ही अपेक्षा. या ओळी बहुधा शब्दांच्या कोट्यांवर चालत. अमेरिकी नाट्यव्यवसायात आपटलेल्या नाटकाला आणि पुढे चित्रपटालाही ‘टर्की’ म्हणत. त्यामुळे ‘यंदा टर्की फक्त ताटात असो’ अशा धर्तीच्या शुभेच्छेला चित्रपटसृष्टीत दुहेरी धार येई.

१९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी नाही, आणि देशात एका सणाच्या दोन तारखा झाल्या. १९४१ च्या डिसेंबरात कायद्याने चौथा गुरुवार पक्का केला. पॅरामाउंटच्या १९४२ च्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात कॅलेंडरवर दोन गुरुवारांमध्ये उड्या मारणारा गोंधळलेला टर्की दिसतो, तो याच घोळावरचा. पुढे युद्धकाळात सैनिकांच्या बराकींत भिंतीवर लावायच्या चित्रांना, म्हणजे ‘पिन-अप’ना, प्रचंड मागणी आली आणि सणाची चित्रेही त्या ओघात गेली.

चित्रांतला पिलग्रिम मात्र इतिहासाला धरून नाही. बकल लावलेली उंच काळी टोपी ही नंतरच्या चित्रकारांची कल्पना. १६२१ च्या मेजवानीत वसाहतवाल्यांबरोबर तिथले मूळ रहिवासी वांपानोआग लोक होते, त्यांचा आणि पुढे त्यांच्यावर कोसळलेल्या संकटांचा या चित्रांत मागमूसही नाही. १९७० पासून प्लिमथ येथे मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. ही चित्रे बघताना तेही ठाऊक असावे.

१९४८ च्या न्यायालयीन निकालाने मोठ्या कंपन्यांना चित्रपटगृहांची मालकी सोडावी लागली, पाठोपाठ दूरचित्रवाणी आली आणि करारावरच्या नट्यांचा ताफा सांभाळणे परवडेनासे झाले. प्रसिद्धी विभाग आटले. जुन्या प्रतींचे गठ्ठे कचऱ्यात जाऊ लागले. जॉन कोबाल (१९४०–१९९१) या संग्राहकाने अशा प्रती आणि निगेटिव्ह जमवल्या, विस्मृतीत गेलेल्या छायाचित्रकारांना शोधून काढले, म्हणून त्यांची नावे आज आपल्याला माहीत आहेत. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) सूचना न छापता प्रसिद्ध केलेले चित्र सार्वजनिक मालकीचे होई. प्रसिद्धीचित्रांवर ती सूचना सहसा नसे. त्यामुळे आज नोव्हेंबर आला की ही चित्रे शुभेच्छा म्हणून मोकळेपणी फिरतात.

फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर दिसते ती मात्र चित्राची एकच बाजू. वर्तमानपत्राच्या दप्तरातली मूळ प्रत हाती आली तर ती उलटून बघावी. मागे टंकलेली पट्टी असते, तारखेचा शिक्का असतो. पुढे चित्रावर संपादकाने मेणपेन्सिलीने आखलेली चौकट असते. स्तंभात जागा कमी पडली की ही चौकट नटीभोवतीच आखली जाई आणि टर्की बाहेर राही.