बोटीचं इंजिन चालू होतंय पण लोड घेईना, मग बघायचं काय?

मे संपत आला की कोल्हापुरात पुराच्या बोटी बाहेर निघायला लागतात. २०१९ आणि २०२१ चे पूर झाल्यापासून चिखली-आंबेवाडीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंत रबरी बोट आणि तिच्या मागं लटकवायचं इंजिन, ज्याला सगळे ओबीएम म्हणतात, हे लोकांच्या चांगलंच ओळखीचं झालंय. पण ही इंजिनं वर्षातले आठ-नऊ महिने ताडपत्रीखाली पडून असतात आणि मग जूनमध्ये मिस्त्रीकडं तक्रार ठरलेली, "मिस्त्री, एका दोरीत चालू हुतंय, पण नदीत घातलं की लोडच घेईना. पाण्याच्या ड्रममध्ये घालून बघितलं तवा तर मस्त हुतं की!"

ड्रममध्ये मस्त असणारच. पाण्यात पंखा फिरवायला जी पॉवर लागते ती आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, साधारण घनात वाढते, म्हणजे आरपीएम निम्मे केले तर पॉवर निम्मी नाही, आठवा हिस्साच लागते. ड्रममध्ये कोणी फुल थ्रॉटल देत नाही, पाणी उडून बाहेर जाईल, त्यामुळं इंजिन निवांत फटफट करत राहतं आणि वहीत 'चेक केलं, ओके' अशी नोंद होते. रिकामा ट्रॅक्टर चढावर पळतोच, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की मग त्याचं खरं काय ते कळतं, तसलाच प्रकार.

हाच हिशोब उलटा लावला की अजून मजा आहे. समजा फुल थ्रॉटलला ५५०० आरपीएमला जाणारं ४० एचपीचं इंजिन, त्याच बोटीवर, त्याच पंख्यानं ४४०० लाच अडकतंय. बघणाऱ्याला वाटतं थोडंच कमी आहे, ८० टक्के तरी मिळतंय की. पण ०.८ चा घन ०.५१ येतो. म्हणजे इंजिन फक्त २० एचपी देतंय! आणि रबरी बोट वेग घेतल्यावर पाण्यावर उचलली जाते, त्या उचलण्याच्या आधी तिला सगळ्यात जास्त जोर लागतो. तेवढा जोर मिळाला नाही की नाक वर, बूड खाली, आणि सहा माणसं घेऊन बोट पाणी ढकलत बसते.

म्हणून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायच्या आधी एक बघायचं, फुल थ्रॉटलला आरपीएम पडतंय का चढतंय. इंजिन मोठ्यानं ओरडतंय, आरपीएम भरपूर, पण बोट पुढं जाईना, तर इंजिन बिचारं बरोबर आहे आणि लफडं पंख्यात आहे. पंख्याच्या मध्यभागी एक रबरी बुश असतो, दगडाला वगैरे आपटलं तर गिअर वाचावा म्हणून, तो जुना होऊन सुटला की आतली दांडी फिरते आणि पंखा घसरतो. कमी जोरात तो पकडून राहतो, जोर दिला की घसरतो, त्यामुळं ड्रममध्ये हेही सापडत नाही. पंचगंगेत तर जलपर्णीचाही विचार करावा लागतो, पंख्याला गुंडाळली की आरपीएम पडतं आणि थंड पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसली की इंजिन तापतं, आणि बरीच नवीन इंजिनं तापली की स्वतःहूनच पॉवर कमी करतात.

पण आरपीएमच चढत नसेल, आवाज जड येत असेल, थ्रॉटल दिल्यावर भॉक करून बसत असेल, तर पहिला संशय पेट्रोलवर.

थंड देशांत बोटी हिवाळ्यात ठेवून देतात आणि तिथली मोठी भीती इंजिनात राहिलेलं पाणी गोठायची असते, कारण पाण्याचा बर्फ होताना आकारमान ९ टक्क्यांनी वाढतं आणि बीडाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. आपल्याकडं थंडीत पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, तो प्रश्नच नाही. आपला त्रास उलटा, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि पत्र्याचं शेड. पेट्रोल म्हणजे शेकडो वेगवेगळ्या हायड्रोकार्बनचं मिश्रण, त्यातले हलके भाग आधी उडून जातात, आणि उरलेल्यातले काही हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट गोंद तयार करतात. म्हणूनच जुन्या पेट्रोलला तो झणझणीत वास राहत नाही, वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, पेट्रोल उडालं की ऑइलचा चिकटा खाली राहतो.

आता इथं कोणीतरी म्हणणारच, सगळा दोष इथेनॉलचा. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांतनं इथेनॉल जातं म्हणून बाजू घेतोय असं समजू नका, पण हिशोब बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं तर फरक ६-७ टक्क्यांचा. त्यानं निम्मी पॉवर जात नाही. खरा त्रास इथेनॉल पाणी ओढून घेतं त्याचा. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागं साधारण ५ मिली पाणी विरघळून राहतं, २० टक्क्यांच्यात त्याहून जास्त मावतं, पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गार होऊन ती मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात. आणि पेट्रोल ओढायची नळी असते कुठं? तळालाच. टाकीतलं खालचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, विडी-सिगारेटवाल्याला लांब बसवा, अर्धा तास ठेवा, मध्ये रेघ दिसली की विषय संपला, ते पेट्रोल बोटीत परत घालायचं नाही. गाळून पण नाही.

टाकी बदलून, ताजं पेट्रोल घालूनही तसंच असेल तर कार्बोरेटरची खालची वाटी काढायची. तळाशी पांढरट भुकटी दिसली तर पाणी बसून ॲल्युमिनियम खाल्लंय, तपकिरी चकाकता थर दिसला तर तो गोंद. मध्ये पितळेचा छोटा स्क्रूसारखा मेन जेट असतो, तो काढून उजेडाकडं धरायचा. भोक असतं जेमतेम एक-दीड मिलिमीटर. १ मिलिमीटरच्या भोकाला आतनं इतका पातळ थर बसला की व्यास ०.९ राहिला, डोळ्याला कळणार पण नाही, तरी क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी कमी झालं. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल दुसऱ्या बारीक वाटेनं येतं, तिथं मेन जेटला काम नसतंच, म्हणून इंजिन एका दोरीत चालू होतं आणि फुलला, जिथं ४० एचपीचं टू-स्ट्रोक तासाला १५ लिटरच्या आसपास पितं, तिथं उपाशी मरतं. जेटमध्ये तार घालू नका हो, पितळ मऊ असतंय, भोक वाढलं की जेट गेला. क्लीनर मारा, हवेनं फुंका.

आणि हे नुसतं पॉवर गेल्याचं दुखणं नाही. टू-स्ट्रोकमध्ये ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल असतं, पेट्रोल कमी आलं की ऑइलही कमी आलं, वर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, म्हणून पिस्टनला ताप जास्त, आणि 'चालतंय की, जाऊ दे' म्हणत फुलला रेटलं की पिस्टन जाम. उद्यमनगरात बोअरिंगला न्यायची वेळ येते ती अशानं.

कार्बोरेटर खोलायचा का नाही हे ठरवायला नदीतच दोन सोप्या गोष्टी करता येतात. इंजिन लोडवर दम सोडत असताना दुसऱ्या माणसानं पेट्रोलच्या पाइपमधला रबरी बल्ब दाबत राहायचं. दाबल्यावर जोर आला तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही, मग पंपाचा कडक झालेला पडदा, फिल्टर, नाहीतर कनेक्टरच्या ओ-रिंगमधनं हवा. बल्ब आपोआप चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरची हवेची चावी बंद आहे, नाहीतर तिथं कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय, हसू नका, शेडमध्ये पडलेल्या टाकीला हे होतंय. बल्बनं काही फरक नाही पण क्षणभर अर्धा चोक ओढला की इंजिन उठतंय, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे बहुतेक जेटच.

दोन्हींनी ढिम्म, मग प्लग. दोन सिलिंडरपैकी एक मेला तरी इंजिन चालतं, थरथरत का होईना. काढून रंग बघा, कॉफीसारखा तपकिरी बरोबर, एकच ओला काळा असेल तर त्या बाजूला स्पार्क नाही किंवा कॉम्प्रेशन नाही. आणि इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक असेल तर इंपेलर, म्हणजे ते पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक, बदला, त्याच्या रबरी पाकळ्या महिनोन् महिने एकाच बाजूला दाबून राहिल्या की तशाच वाकड्या होतात. कोरडं मात्र चालवू नका, एका मिनिटातसुद्धा पाकळ्या जळतात.

ऑक्टोबरात बोट ठेवताना पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत पाण्यात चालवा, वाटीचा स्क्रू ढिला करून राहिलेलं सोडा, टाकीतलं पेट्रोल कोणाच्या तरी मोटरसायकलला देऊन टाका, टू-स्ट्रोकचं ऑइलवालं असेल तर थोडं थोडं करून. आणि जूनमध्ये नदी अजून ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या खूप खाली असताना, सहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती घालून दहा मिनिटं फुल थ्रॉटल मारा आणि आलेला आरपीएमचा आकडा इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारखेसकट लिहा. पुढच्या वर्षी त्यात ३००-४०० ची घट दिसली तर आधी वाटी खोलायची.